धाकट्या नाण्याची पत

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि त्यांत राजगडाचे नाव आले. गडावर जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट पायथ्याच्या गुंजवणे गावातून निघते आणि चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचते. सुट्टीच्या दिवशी या वाटेवर शहरातून आलेल्यांची रीघ लागते. त्यांच्यासाठी ताक, लिंबू-सरबत घेऊन बसणाऱ्या गावच्या बायांचा सारा व्यापार दहा-वीस रुपयांचा असतो. वारशाचा विषय निघाला की तट, बुरूज आणि दरवाजे यांची चर्चा होते. त्या तटांच्या आत आणि बाहेर सामान्य माणसाच्या हातून रोज जो पैसा फिरत होता, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. वस्तुतः एखादे राज्य आपल्या प्रजेशी कसे वागत होते, हे त्याच्या सोन्याच्या मोहोरेपेक्षा तांब्याच्या पैशावरून अधिक नेमके कळते.

गुंजवणे या नावात योगायोगाने ‘गुंज’ आहे. सोनाराच्या तराजूतील हे धाकटे वजन. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असे जुने कोष्टक. तोळ्याचा खरेपणा अखेर गुंजेवर अवलंबून असतो, कारण गुंज खोटी असेल तर तिच्यावर रचलेले सारे माप खोटे ठरते. चलनाचेही तसेच आहे. राज्याची पत सर्वांत मोठ्या नाण्यावर मोजण्याचा प्रघात असला, तरी तिची खरी परीक्षा सर्वांत धाकट्या नाण्यावर होते. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही, आजचाही आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मावळापासून फार दूर, उत्तरकालीन रोमन साम्राज्यात सापडते.

सोने शुद्ध, तांबे हलके

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमच्या चांदीच्या नाण्यातील चांदी उतरत गेली आणि अखेर ते नाणे मुलामा दिलेले तांबेच उरले. इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियन या सम्राटाने नवी नाणेपद्धती आणली. तीत सुमारे दहा ग्रॅम वजनाचे, चांदीचा पातळ मुलामा दिलेले एक ऐसपैस कांस्य नाणे होते. बाजारातील भाव मात्र उतरेनात. तेव्हा ३०१ मध्ये सम्राटाने हजाराहून अधिक वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला आणि तो मोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठेवली. परिणाम काय झाला? माल बाजारातून नाहीसा झाला, असे लॅक्टॅन्शियस या समकालीन लेखकाने लिहून ठेवले आहे. तो सम्राटाचा विरोधक होता, हे जमेस धरले तरी हुकूम टिकला नाही ही गोष्ट खरीच आहे.

पुढे कॉन्स्टंटाइनने ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे प्रचारात आणले. एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम, असे त्याचे प्रमाण होते. हे प्रमाण आणि सोन्याचा कस पूर्वेकडील साम्राज्याने अकराव्या शतकापर्यंत बव्हंशी सांभाळला. जगाच्या इतिहासात इतके दीर्घकाळ टिकलेले नाणे विरळाच. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके त्याचा गौरव करतात आणि तो योग्यही आहे. पण या गौरवात एक गोष्ट नजरेआड होते. सोने शुद्ध राहिले त्याच काळात कांस्याचे नाणे वितळत चालले होते. डायोक्लेशियनचे दहा ग्रॅमांचे नाणे पन्नास वर्षांच्या आत दोन ग्रॅमांच्या खाली आले. ३४८ मध्ये नवी, वजनदार कांस्य नाणी निघाली. सुखाचे दिवस परत आल्याची ग्वाही देणारी अक्षरे त्यांच्यावर कोरलेली होती. थोड्याच वर्षांत तीही हलकी झाली. पाचव्या शतकाच्या अखेरीस रोमन प्रजेच्या हातात एक ग्रॅमच्या आसपासचा, धड अक्षरही न उमटलेला तांब्याचा कपटा उरला होता.

या दोन नाण्यांचे मालक वेगळे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वरिष्ठ अधिकारी, सेनानी आणि मोठे जमीनदार सोन्यात व्यवहार करीत. मजूर, कारागीर, भाजी विकणारा यांच्या हाती कांस्य येई. सरकार मात्र कर जास्तीत जास्त सोन्यात मागू लागले. ज्याची मिळकत कांस्याची, त्याला सोने घेण्यासाठी सराफाच्या दारात उभे राहणे भाग पडे आणि सराफ आपला बट्टा कापूनच सोने देई. ४४५ मध्ये पश्चिमेच्या सम्राटाला याबाबत कायदा करावा लागला. सराफाकडून एक सॉलिडस ७,२०० कांस्य नाण्यांना घेतला असेल, तर तो विकताना ७,००० पेक्षा कमी मिळता कामा नये, असे त्याने फर्मावले. एका सुवर्णनाण्यास सात हजार कपटे! भावातील घसरण किती खोल गेली होती, याची कल्पना या एका आकड्यावरून येते. महागाई सर्वांना सारखी छळते, असे म्हणण्याची रीत आहे. रोमन साम्राज्यात तरी ती सोनेवाल्यांना शिवली नाही. तिने कांस्यवाल्यांनाच गाठले.

हे चित्र पालटले ते ४९८ मध्ये. पूर्वेचा सम्राट अनास्तासियस याने चाळीस, वीस आणि दहा लहान नाण्यांच्या किमतीची मोठी तांब्याची नाणी काढली. प्रत्येकावर त्याची किंमत दाखवणारे अक्षर ठळक कोरले. अक्षर ओळखणाऱ्या कोणालाही आपल्या हाती काय आहे हे आता कळू लागले. ही अदलाबदल लोकांना रुचली, अशी नोंद त्या काळच्या एका बखरकाराने केली आहे. राज्यकर्त्याने नाणे बदलावे आणि लोकांना ते आवडावे, हा प्रसंग इतिहासात इतका दुर्मीळ आहे की बखरकाराला तो नमूद करण्याजोगा वाटला.

रायगडावरचे उत्तर

आता पुन्हा सह्याद्रीकडे यावे. सतराव्या शतकात मावळात फिरणारे चलन म्हणजे एक खिचडीच होती. दक्षिणेकडचे सोन्याचे होन, मोगली रुपये, किनाऱ्यावरच्या लाऱ्या, निजामशाही आणि आदिलशाही तांबे, असे सारे एकाच बाजारात चाले. राजगड पंचवीस वर्षांच्या आसपास स्वराज्याची राजधानी होता. पुढे राजधानी रायगडास गेली आणि १६७४ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला. शिवछत्रपतींच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांची सांगड या राज्याभिषेकाशी घातली जाते. होनाचे नमुने आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. शिवराया मात्र अमाप आहेत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, अशी देवनागरी अक्षरे. ठसा मोठा आणि नाणे लहान, त्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर राहून जाई. कोठे शिव, कोठे सिव, तर कोठे सीव, अशी शुद्धलेखनाची तऱ्हाही ठसे खोदणाऱ्याप्रमाणे बदले. दिसायला हे नाणे साधेच आहे. वजन साधारणपणे तोळ्याच्या आसपास.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. इंग्रजांनी ज्या सवलती मागितल्या, त्यांत एक मागणी अशी होती की, कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. त्यावर मिळालेले उत्तर फ्रायर या इंग्रज प्रवाशाच्या ग्रंथात आले आहे. त्याचा आशय असा : कोणतेही नाणे चालण्यास राजाची मनाई नाही. परंतु ज्या नाण्याने रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती राजा तिच्यावर करू शकत नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल, तर ते खुशाल चालावे.

हे उत्तर मुत्सद्द्याचे आहे, तसेच ते अर्थशास्त्राचेही आहे. नाणे हुकमाने चालत नाही, पतीने चालते, हे डायोक्लेशियनला देहान्ताची शिक्षा ठेवूनही साधले नाही. रायगडावर ते एका वाक्यात सांगितले गेले. त्या वाक्यात नुकसानीचा हिशेब मांडला आहे तो खजिन्याच्या बाजूने नव्हे, रयतेच्या बाजूने. राज्यकर्त्याच्या चलननीतीची याहून चांगली कसोटी सांगणे कठीण आहे.

म्हणूनच शिवराई आपल्या राज्याहून दीर्घायुषी ठरली. पेशवाईत तिच्यावर आडव्या दोन रेघा आल्या आणि ती ‘दुदांडी’ झाली. कंपनी सरकार आले तरी काही वर्षे ती निघत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, संतचरित्रांच्या भाषांतरांमुळे परिचित असलेले रेव्हरंड अॅबट शिवराईचा अभ्यास करू लागले, तेव्हा त्यांना हजारोंनी शिवराया जमवता आल्या. नाणे काढणारी सत्ता जाऊनही त्याच्यावरचे नाव लोकांनी चालू ठेवले. याला केवळ भक्ती कारण होती, असे मानण्याची गरज नाही. हातातले तांबे तांब्याच्या मोलाचे आहे, एवढी खात्री आठवडे बाजारातल्या माणसाला पुरेशी होती.

अर्थात मराठेशाहीतील सारा कारभार आदर्श होता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अठराव्या शतकात टांकसाळींचे परवाने शुल्क घेऊन खाजगी व्यक्तींना दिले गेले. काही ठिकाणी वजन आणि कस उतरले आणि सरकारला अशा टांकसाळी बंद कराव्या लागल्या. रुपयांच्या अनेक जाती झाल्या, त्यांच्या अदलाबदलीत सराफांचे फावले आणि बट्ट्याचा भार शेवटी कुणब्यावरच पडला. राज्य एकच, पण धाकट्या नाण्यावरची नजर ढळली की तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे याच इतिहासाने दाखवले.

खुर्द्याची नड

लहान नाण्याची अशी आबाळ का होते? याचे कारण राज्यकर्त्यांच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे. एक मोहोर पाडायला जितके श्रम लागतात, जवळपास तितकेच एक पैसा पाडायला लागतात. किंमत मात्र शेकडो पटींनी कमी. त्यामुळे खुर्दा पाडणे हा टांकसाळीच्या दृष्टीने नेहमीच तोट्याचा किंवा कटकटीचा धंदा राहिला. मग तो कमी पाडला जातो, नाहीतर हलका पाडला जातो. कमी पाडला तर बाजारात मोड मिळत नाही. हलका आणि अमर्याद पाडला तर त्याची किंमत ढासळते. चिप्पोला या इटालियन अर्थेतिहासकाराने १९५६ मध्ये या कोंडीला लहान नाण्यांचा मोठा प्रश्न म्हटले. तिच्यातून सुटण्याचा मार्गही ठरलेला आहे : लहान नाणे सांकेतिक असावे, त्याची संख्या मर्यादित असावी आणि ते मोठ्या नाण्यात बिनशर्त बदलून मिळण्याची हमी सरकारने द्यावी. म्हणजेच तांब्यात जेवढे मोल कमी असेल, तेवढे सरकारच्या शब्दात अधिक असले पाहिजे.

भारतात १८३५ नंतर रुपया एकजात झाला आणि तांब्याचा पैसा हा असाच सांकेतिक, रुपयाच्या चौसष्टाव्या भागापुरता बांधलेला राहिला. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई आली, तेव्हा १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला कांस्याचा पैसा निघाला. जुन्या पिढीच्या घरांतून तो अजून सापडतो. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती आली. पहिला ‘नवा पैसा’ही कांस्याचाच होता. साठीच्या दशकात तो ॲल्युमिनियमचा झाला आणि पुढे हळूहळू दिसेनासा झाला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी कायदेशीर चलनातून बाद झाली. कांस्य, मग ॲल्युमिनियम, मग काहीच नाही, असा हा प्रवास अर्ध्या शतकात झाला. रोमन नाण्याला त्यासाठी दोनशे वर्षे लागली होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. महागाईमुळे ज्या नाण्यात काहीच विकत मिळत नाही ते पाडत राहणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय नाही काय? होय, आहे. चार आणे परत आणावेत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न नाणे जाण्याचा नाही. ते जाताना त्याचा हिशेब कोणाच्या नावे टाकला गेला, हा प्रश्न आहे. कॅनडाने २०१३ मध्ये आपला एक सेंट बंद केला, तेव्हा रोखीच्या व्यवहारात रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणण्याची पद्धत लोकांना आधी समजावून दिली. वरचे वर जाईल, खालचे खाली येईल. कधी दुकानदार सोडील, कधी गिऱ्हाईक. आपल्याकडे अशी दुतर्फा रीत रुजली नाही. ‘सुटे नाहीत’ या दोन शब्दांनी हिशेब मिटतो आणि तो बहुधा एकाच बाजूला मिटतो. कधी त्याच्या बदल्यात हातावर चॉकलेटची गोळी ठेवली जाते. ही गोळी परत त्याच दुकानात पैसे म्हणून चालत नाही, यातच सारे आले.

पन्नास पैशांचे नाणे आजही कायदेशीर आहे; दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी ते घेतले गेले पाहिजे, असे २०११ चा नाणे कायदा सांगतो. बाजार ते घेत नाही. दहा रुपयांच्या नाण्याची कथा आणखी विलक्षण आहे. त्याच्या कडेचे पिवळे वलय ॲल्युमिनियम-ब्राँझचे, म्हणजे कांस्याच्याच कुळातले. त्याचे काही प्रकार खोटे आहेत, अशी अफवा उठली आणि खेडोपाडी ते नाकारले जाऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की, या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. नाणे खणखणीत, पण पत डळमळलेली! दिवसभर ताक विकून अशी नाणी पदरात घेतलेल्या बाईच्या दृष्टीने रिझर्व्ह बँकेचे पत्रक दूर असते आणि किराणा दुकानदाराचा नकार समोर असतो.

दोन चलने

२०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि ती झपाट्याने पसरली. तिने पुष्कळ अडचणी दूर केल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. ताकवालीच्या फळकुटावरही आता चौकोनी चित्र चिकटवलेले दिसते. पण या सोयीतील एक विसंगती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी. जो पैसा टांकसाळीतून गेला, तो खात्यात जिवंत आहे. मोबाइलवरून सत्तेचाळीस रुपये तीस पैसे बरोबर तितकेच देता येतात. रोखीने देणाऱ्याला मात्र ते अठ्ठेचाळीस पडतात, किंवा पन्नास. ज्याच्याजवळ खाते, यंत्र आणि ते चालवण्याची अक्षरओळख आहे, त्याचा हिशेब पै-पैचा होतो. ज्याच्याजवळ केवळ रोकड आहे, त्याचा हिशेब ठोकळ होतो. एका देशात पुन्हा दोन चलने झाली : एक वरच्यांचे, अचूक, दुसरे खालच्यांचे, कडा झिजलेले.

नुकसान ते किती, असे कोणी विचारील. दिवसाला पाच ठिकाणी सरासरी एक-एक रुपया सुटला, तर महिन्याला दीडशे रुपये होतात. पगारदाराच्या घरी ही रक्कम लक्षातही येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरी ती मीठ-मिरचीची, मुलाच्या वह्यांची किंवा तालुक्याला जाण्यायेण्याच्या भाड्याची रक्कम असते. शिवाय हानी केवळ रकमेची नाही. आपल्या हातातले सरकारी नाणे समोरचा घेईल की नाही, अशी शंका गरिबाला बाळगावी लागणे, ही राज्याच्या शब्दातच पडलेली तूट आहे.

उपाय अवघड नाहीत. पहिला असा की, रोखीचा हिशेब पूर्ण रुपयावर कसा आणावा, याचा सोपा आणि दुतर्फा नियम सरकारने ठरवून प्रत्येक दुकानात लावावा. दुसरा, बँकांच्या शाखांनी नाणी घेण्यास आणि देण्यास नकार देऊ नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना कागदावरच राहू नये. आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी नाणी बदलून देण्याची सोय झाली, तर तिचा खर्च फारसा येणार नाही. तिसरा उपाय शाळा-महाविद्यालयांच्या हातचा आहे. चलनाचा धडा शिकवताना ग्रेशॅमचा नियम पाठ करून घेण्याबरोबर एक झिजलेली शिवराई आणि एक भोकाचा पैसा विद्यार्थ्यांच्या तळहातावर ठेवावा. कोणते नाणे कोणाच्या हातात होते आणि ते हलके झाले तेव्हा कोण गरीब झाला, हे प्रश्न मग आपोआप निघतील.

राजगडाचे चिरे आता जगाच्या वारशात मोजले जातात. त्यांची डागडुजी होईल, फलक लागतील आणि गुंजवण्याच्या वाटेवरची वर्दळ वाढेल. ही वर्दळ दहा-वीस रुपयांच्या ज्या व्यवहारांतून गावाच्या हाती काही ठेवून जाणार आहे, त्या व्यवहारांत रयतेचे नुकसान होता कामा नये, हा विचारही त्या वारशाचाच भाग आहे. तो दगडात कोरलेला नसल्याने त्याची डागडुजी पुरातत्त्व खात्याकडे सोपवता येत नाही. ती टांकसाळीने, बँकेने आणि बाजाराने करावयाची आहे.